मडक्यातला नाग

"सर, नाग पाळायचं लायसन कुठं भेटतं?"

रोहिण्या बरसून गेल्या होत्या. मी पडवीत बसून टोमॅटोच्या रोपांचे ट्रे मोजत होतो. विचारणारा पोरगा आमच्याच वाडीवरचा. बावीस-तेवीस वर्षांचा, आयटीआय केलेला. दिवसा एका पॅकहाऊसला कामाला जातो आणि उरलेल्या वेळात साप धरतो. पंचक्रोशीत कुणाच्या कांदाचाळीत, कुणाच्या न्हाणीत जनावर निघालं की लोक त्यालाच फोन लावतात. त्याच्या मोबाईलमध्ये त्याचे पुष्कळ व्हिडिओ आहेत. कुठं हातात धामण, कुठं काठीवर घोणस.

मी म्हटलं, "नागाचं कसलं लायसन?"

"फॉरेनमध्ये भेटतं, सर. मी पाह्यलंय."

"आणि तुला कशाला पाहिजे?"

तो काही बोलला नाही. चपलेच्या अंगठ्यानं माती उकरत उभा राहिला, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. दहा दिवसांपूर्वी माझ्याच मोटारीच्या खोलीत नाग निघाला होता. स्टार्टरच्या पेटीमागं फडा काढून बसलेला. मीच या पोराला फोन करून बोलावलं होतं. त्यानं पाच मिनिटांत जनावर बरणीत घेतलं, चहा पिला आणि बरणी पिशवीत घालून गाडीवर निघून गेला. कुठं सोडणार, हे मी विचारलं नाही. माझी मोटार चालू झाली, माझं काम झालं.

"तो नाग अजून तुझ्याकडंच आहे?"

"ड्रममध्ये ठेवलाय. झाकणाला भोकं पाडलीत. उंदीर टाकू राह्यलो." आणि मग जरा हसून म्हणाला, "सर, तो आता मला वळखतो."

हे शेवटचं वाक्य मी तीस वर्षांपूर्वी जसंच्या तसं ऐकलं होतं. आमच्या नानांच्या तोंडून.

नाना म्हणजे माझे थोरले चुलते. कादवेच्या अंगाला आमची जमीन, तिथंच मळ्यात दोन घरं. एक आमचं, एक नानांचं. काकू वारल्यावर नाना एकटेच राहायचे. मुलगा नोकरीला लांब. जेवायला आमच्यात, झोपायला आपल्या घरी. माणूस तोंडाचा फटकळ, पण जनावराला मायाळू. बैलाला कधी चाबूक लावला नाही.

तरुणपणी नाना एकदा कांद्याच्या गाडीबरोबर बेळगावकडं गेले होते. परतताना नागपंचमी आली आणि ते सांगली जिल्ह्यातल्या शिराळ्याला उतरले. बत्तीस शिराळा म्हणतात ते. तिथं त्यांनी जे पाहिलं ते जन्मभर त्यांच्या डोळ्यांसमोरून हललं नाही. पंचमीच्या आधी काही दिवस गावातली मंडळी रानोमाळ हिंडून जिवंत नाग धरत, मडक्यात ठेवत, जिवापाड जपत. पंचमीला अंबामातेच्या देवळाशी नेत, बाया नागाला ओवाळत, मिरवणूक निघे, आणि मग जिथून धरला तिथं नेऊन सोडत. गोरखनाथांची कथाही नाना रंगवून सांगायचे. नाथ भिक्षेला आले, घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करत होती म्हणून भिक्षा वाढायला उशीर झाला. नाथांनी विचारलं, जिवंत नाग पूजशील का, आणि मातीचा नाग जिवंत केला. "आपल्याकडच्या बाया भिंतीवर गंधानं नाग काढतात," नाना म्हणायचे, "आणि खरा निघाला की आपण काठ्या घेऊन पळतो. शिराळ्याची माणसं खरी."

१९९४ च्या आषाढात आमच्या कांदाचाळीत नाग निघाला. गडी काठ्या शोधेपर्यंत नानांनी शिराळ्यात पाहिलेली युक्ती केली. मडकं आडवं धरलं, काठीनं हळूहळू ढोसत त्याला अंधाराकडं वळवलं. नाग आत गेला. तोंडाला धडपं बांधलं. पंचमी झाली की सोडून देऊ, असं म्हणाले.

पंचमी झाली. नाग सुटला नाही.

आधी गावातल्या बाया लाह्या-दूध घेऊन आल्या, मग शेजारच्या गावच्या. नाना ओट्यावर मडकं घेऊन बसत. धडप्याच्या जागी आता तारेची जाळी आली होती. मी तेव्हा नाशिकला कॉलेजात होतो, शनिवारी घरी यायचो. साप दूध पीत नाही, तहानेनं जीव कासावीस झाला तर पाण्यासारखं पितो, हे मी पुस्तकात वाचलेलं. नानांना सांगितलं तर म्हणाले, "तुझ्या पुस्तकाला त्यानं विचारलं व्हतं का?" काकू गेल्यापासून नानांच्या ओट्यावर एवढी माणसं कधी बसली नव्हती. हे मला तेव्हा दिसत होतं, पण त्याचा अर्थ कळत नव्हता.

मग कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं की नाना, हे बेकायदेशीर आहे, वनखात्याची परवानगी लागते. नानांना कायद्याचं भय नव्हतं, पण नियमानं वागायची हौस होती. मला म्हणाले, "अर्ज लिही. शीक शीक शिकतोस, एवढं कर."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा काढून बसलो. त्यात पहिला धक्का बसला तो 'शिकार' या शब्दाला. मला वाटायचं शिकार म्हणजे मारणं. कायद्यात धरणं, सापळा लावणं हीसुद्धा शिकारच. दुसरी गोष्ट, कायद्याविरुद्ध धरलेलं किंवा ठेवलेलं रानटी जनावर सरकारची मालमत्ता ठरतं. म्हणजे मडकं नानांचं, आतला नाग त्यांचा नव्हे. परवानगीचं कलमही होतं. पण ती कशासाठी? शिक्षण, शास्त्रीय संशोधन, प्राणिसंग्रहालय किंवा तशा संस्थांसाठी, आणि औषधाकरता सापाचं विष काढण्यासाठी. मुंबईच्या हाफकिनमध्ये घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून सर्पदंशावरची लस तयार करतात, त्यासाठी विष लागतं. तमिळनाडूत इरुळा आदिवासींची सहकारी संस्था १९७८ पासून हेच काम करते. परवान्यानं साप धरायचे, काही आठवडे ठेवून विष काढायचं, पुन्हा रानात सोडायचे.

शनिवारी मी कागद घेऊन नानांपुढं बसलो. "कशासाठी पाहिजे, ते लिहावं लागतं."

"लिही, जीव लागलाय."

"ते कायद्यात नाही बसत, नाना."

"मग काय बसतं?"

मी सांगितलं. नानांनी विचार केला. "मग शिक्षण लिही. शाळेची पोरं बघायला येत्यात का नाही?"

मी 'शैक्षणिक कारणास्तव' असं लिहिलं आणि खाली नानांची सही घेतली. हात अडखळला होता, हे आठवतं. खोटं लिहिण्याचं दुःख नव्हतं. पण खरं कारण लिहायला त्या कागदावर जागाच नव्हती, आणि ती का नसावी हे मला कळत नव्हतं. माणसाला एखाद्या जीवाचा लळा लागला, तर तो कायद्याच्या हिशेबात शून्य का?

तो अर्ज गेलाच नाही. सोमवारी टाकायचा होता. रविवारी रात्री पाऊस लागला, लाईट गेली, आणि कंदील घेऊन ओट्यावर गेलेल्या नानांची हाक आली. जाळी एका बाजूनं उचकटलेली. मडकं रिकामं.

त्या रात्री आमच्या मळ्यात कुणी झोपलं नाही. दोन घरं, गोठा, आणि गोठ्यामागं सालानं राहिलेल्या सुरगाण्याकडच्या गड्याचं खोपटं. बाया-पोरांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवलं, वर ताडपत्री ओढली. पाऊस थांबेना. बापे बॅटऱ्या आणि काठ्या घेऊन फिरत होते. त्यांतले दोघे-तिघे असे, की ज्यांच्या घरून आठवड्याभरापूर्वी दुधाची वाटी आली होती. नाना कंदील घेऊन सगळ्यांच्या पुढं, तोंडानं एकच, "मारू नका रे, मारू नका."

पहाटे पहाटे त्या गड्याची बायको ट्रॉलीतून बोलली. तिच्या मांडीवर चार वर्षांचं पोरगं पेंगत होतं. ती कधी नानांपुढं बोलायची नाही. हळूच म्हणाली, "नाना, तुमचा देव तुमच्या ओट्यावर होता. पण झोपत होतो तर आम्ही जमिनीवर."

नाना कंदील धरून तसेच उभे राहिले. त्यांच्या घरात खाट होती. आमच्याही होती.

उजाडल्यावर नाग सापडला. जात्याच्या खुंट्यामागं, भिंतीच्या कडेला. नानांनी त्याला परत मडक्यात घेतलं. तेव्हा मी त्याला जवळून पाहिला. तोंडाचं टोक सोलून लालबुंद झालं होतं. दीड महिना तो रात्र रात्र त्या जाळीवर नाक घासत होता. आम्ही त्याला डोलणं म्हणत होतो.

मी सायकल काढली आणि दिंडोरीला जाऊन वनखात्यात सांगितलं. कुणालाही न विचारता. मी माझ्या चुलत्याची वर्दी दिली, असं गावानं पुढं बरीच वर्षं म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं.

दुपारी दोघे जण आले. त्यांतला वयस्कर होता तो शांतपणे बोलला, जबाब लिहून घेतला, मडकं ताब्यात घेतलं. नानांनी त्याला एकच विचारलं, "साहेब, मी याला पहिल्या दिवशी काठीनं ठेचला असता तर?"

तो थोडा थांबला आणि खरं ते बोलला. "अंगावर आला, जिवाच्या भीतीनं मारला, असं असतं तर गुन्हा नव्हता."

"म्हणजे मारला तर सुटलो, आणि जपला तर चोर?"

त्यावर त्याच्याकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नव्हतं. ते मडकं घेऊन गेले. पुढं केसबीस काही उभी राहिली नाही, पण नाना माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत.

नानांचा तो प्रश्न मात्र माझ्या मागं लागला. आजही मला तो साधा वाटत नाही. भयानं केलेल्या हत्येला माफी आणि मायेनं केलेल्या बंधनाला शिक्षा, हा कुठला धर्म? आपल्याकडं किती नाग, किती धामणी दरसाल काठीखाली जातात. त्याचा पंचनामा होत नाही. आणि एखादा माणूस जनावर जिवापाड जपतो, तर त्याच्या दारात सरकार उभं राहतं.

बऱ्याच वर्षांनी तेच कलम पुन्हा नीट वाचलं, तेव्हा त्यातली पुढची ओळ दिसली. ती मी कॉलेजात असताना वाचली असेन, पण ध्यानात आली नव्हती. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना जनावर मारलं गेलं तर गुन्हा नाही. पण ती वेळ आली तेव्हा तो माणूस स्वतःच हा कायदा मोडत असेल, तर त्याला ही सूट नाही. म्हणजे त्या रात्री नाना मडक्यातून निसटलेल्या नागाला मारून मोकळे झाले असते, तर त्यांना जिवाच्या भयाची सबब चालली नसती. कायद्याच्या लेखी रानातून आलेलं भय वेगळं आणि आपण हौसेनं घरात आणलेलं भय वेगळं. ही ओळ लिहिणाऱ्यानं आमची ट्रॉली पाहिली नसेल. पण ट्रॉलीत बसलेल्या बाईचंच म्हणणं त्यानं लिहिलंय, असं मला वाटलं.

या पोराला मी हे सगळं सांगत बसलो. त्यानं अर्धं ऐकलं. मग म्हणाला, "पण सर, तुमच्या टायमाला ठीक होतं. मला सगळं माहीत आहे. कसं धरायचं, कुठनं धरायचं. मला काही होणार नाही."

"परदेशातलं लायसन तू नीट वाचलंस का?" मी विचारलं. इंग्लंडमध्ये १९७६ चा कायदा आहे, धोकादायक रानटी जनावरांचा. विषारी साप ठेवायचा तर तिथल्या स्थानिक पालिकेकडून परवाना घ्यावा लागतो. जनावर निसटणार नाही अशी जागा आहे का, ते बघितलं जातं, आणि दुसऱ्याला इजा झाली तर भरपाईचा विमा आधी काढावा लागतो. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात विषारी साप ठेवायला निघालेल्या माणसाला आधी जाणत्याच्या हाताखाली हजार तासांचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणजे तिथंही सरकार 'तुझा जीव लागलाय का' हे विचारत नाही. तुझ्या भिंतीपलीकडं कोण राहतं, हे विचारतं.

"आणि आपल्याकडं," मी म्हटलं, "पलीकडं कोण राहतं ते तुला माहीत आहे." त्याच्या घराला लागून त्याच्या चुलत भावाचं घर आहे. त्याला तीन वर्षांची मुलगी आहे. २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात सर्पदंशानं दरसाल सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा अभ्यास आहे. त्यांतली बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी, जमिनीवर झोपणारी. पान लागलं की आधी भगताकडं, मग दवाखान्यात. तोवर वेळ निघून जातो. ज्या देशात ही परिस्थिती आहे, तिथं हौसेच्या नागाला परवाना नाही, यात मला आता अन्याय वाटत नाही. नागाला तर २०२२ च्या दुरुस्तीनं पहिल्या अनुसूचीत घातलंय, वाघाच्या पंगतीला. ती दुरुस्ती एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान २५ हजार दंड. परदेशी पोपट, इग्वाना पाळणाऱ्यांसाठी २०२४ साली नोंदणीचे नियम निघाले, पण आपला नाग त्यात बसत नाही.

"मग शिराळ्याच्या लोकांना कशी दिली परवानगी?" पोरगा हुशार. मोबाईलवर सगळं वाचतो.

शिराळ्याचा विषय निघाला की माझी पंचाईत होते. तिथल्या माणसांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी नाग धरला आणि सोडला; त्यांच्या पोरांना सापाची भीती नाही; मारण्याची रीत तिथं रुजली नाही. दुसऱ्या बाजूला प्राणिमित्रांचं म्हणणंही खोटं नाही. गर्दी, वाजंत्री, फडा काढावा म्हणून केलेली डिवचाडिवची, हे त्या जनावराचे हालच होते. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि जिवंत नागाच्या पूजेवर बंदी आली. पुढं पंचमीला पोलीस आणि वनखात्याची माणसं गावात ठाण मांडून बसू लागली, आणि लोक प्रतिमेची पूजा करू लागले. मग २०२५ च्या पंचमीला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं गावातल्या २१ जणांना मोजक्या दिवसांसाठी नाग धरायची परवानगी दिली. कारण काय लिहिलं? शिक्षण. पारंपरिक ज्ञान पुढच्या पिढीला द्यावं म्हणून. मिरवणूक नाही, खेळ नाही.

ती बातमी वाचताना मला नानांचा अर्ज आठवला. तोच शब्द. मी तेव्हा तो खोटेपणानं लिहिला होता. शिराळ्याच्या माणसांचा तो खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या शब्दात एक अट दडलेली आहे, ती आता कळते. शिक्षण म्हणजे जे बघून झाल्यावर सोडून द्यायचं असतं. शिराळ्याच्या जुन्या रीतीतही खरी गोष्ट धरण्याची नव्हतीच. पंचमी झाली की सोडण्याची होती. नानांनी शिराळ्याचं धरणं उचललं, सोडणं विसरले.

पुण्यात १९८० साली नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास एका काचेच्या खोलीत बसले होते. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे लोकांना दाखवायला. पोरं आज त्या धाडसाची गोष्ट सांगतात. पण ते ७२ तास संपल्यावर ते बाहेर आले, आणि पुढं कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं. साप आपला झाला, असं त्यांनी दाखवलं नव्हतं. साप तुमचा वैरी नाही, एवढंच दाखवलं होतं. या दोन गोष्टींत फार फरक आहे.

"पण तो मला वळखतो," पोरानं पुन्हा म्हटलं. या वेळी आवाज जरा उतरलेला होता.

याला काय सांगावं? कुत्रं माणसाची वाट बघतं. गाय हाकेला मान वळवते. त्यांनी हजारो वर्षांत माणसाशी काहीएक सौदा केलाय. नागानं कधी केला नाही. त्याला बाहेरचा कानही नाही; पुंगीच्या सुरावर तो डोलत नाही, पुंगी जिकडं हलते तिकडं लक्ष ठेवतो. ड्रमचं झाकण उघडल्यावर तो फणा काढत नसेल तर त्याला सवय झाली असेल, नाहीतर तो थकला असेल. ओळख म्हणतो ती आपली आपल्यालाच पटलेली असते. नानांना त्या मडक्यात कोण दिसत होतं, हे मला आता माझ्या उतारवयात थोडंफार कळतं. रिकाम्या घरात काहीतरी जिवंत असावं, आणि ते असं असावं की चार माणसांनी आपल्या ओट्यावर यावं. ती भूक खरी होती. तिची लाज वाटायचं कारण नाही. पण ती भागवायला नागाचं नाक सोलायचं, आणि ज्यांना कुणी विचारलं नाही त्यांची झोप घ्यायची, हे मायेच्या नावावर खपत नाही.

आपल्या भाषेत पाळणं हा शब्द दोन्हीकडं चालतो. गाय पाळतात, कोंबड्या पाळतात. आणि पथ्य पाळतात, शब्द पाळतात, पंचमी पाळतात. आमची आजी पंचमीला विळी हातात धरायची नाही, तवा चुलीवर ठेवायची नाही, कुणाला जमीन खणू द्यायची नाही. तिनं एकही नाग धरला नाही. पण वर्षातला एक दिवस तरी त्याला आपल्याकडून इजा होऊ नये, एवढं तिनं पाळलं. मला वाटतं, काही जीवांच्या बाबतीत पाळायचं असतं ते अंतर.

नानांनी पुढं तेच केलं. कधी बोलून दाखवलं नाही. वर्षभरानं माझ्याशी बोलायला लागले तेव्हा पहिलं वाक्य होतं, "त्या कोपऱ्यात नांगर घालू नको." बांधाच्या खालच्या अंगाला वारूळ आहे, तेवढा तुकडा. आणि त्या गड्याच्या खोपटात त्यांनी आपल्या घरातली खाट नेऊन टाकली. स्वतः पुढचे काही महिने बाकड्यावर झोपले.

पोरानं जाताना विचारलं, "सर, तुम्ही फॉरेस्टला सांगणार का?"

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. एकदा वर्दी देऊन मी एका माणसाचं वर्ष गमावलं होतं. शिवाय या खेपेला नाग माझ्याच मोटारीच्या खोलीतून गेला होता, आणि कुठं नेतोस हे मी विचारलं नव्हतं. शेवटी म्हटलं, "१९२६ ला फोन कर. वनखात्याचाच नंबर आहे. स्वतः दिलास तर तुझी बाजू बरी राहील. परवापर्यंत तू नाही केलास तर मी करीन."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला. गाडीवरून उतरलाच नाही. "सोडला, सर."

"खात्यासमोर?"

"नाही. भीती वाटली."

"कुठं सोडलास?"

"जिथून धरला तिथंच. तुमच्या मोटारीच्या खोलीपाशी."

आधी मला राग आला. मग स्वतःचंच हसू आलं. दोन तास मी त्याला अंतर पाळायचं प्रवचन दिलं होतं, आणि ते अंतर आता माझ्याच बांधावर येऊन पडलं होतं. हे खात्याच्या माणसासमोर व्हायला पाहिजे होतं, हे मी त्याला सांगितलं. पण मी स्वतः फोन केला नाही. हे बरोबर केलं की चूक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

एक मात्र केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत कामाला आलेल्या बायांना सगळं सांगितलं. मोटारीच्या खोलीकडं नाग आहे, गवत काढून घेतो, गमबूट आणतो, तिकडं जायचं नसेल त्यांनी जाऊ नका, रोज कापणार नाही. नानांनी जे विचारलं नव्हतं ते मी विचारलं.

त्यांतली एक म्हातारी फडक्यात बांधलेली भाकर कट्ट्यावर ठेवत म्हणाली, "आधी बी व्हताच की तो तिथं. तवा तुम्ही सांगितलं नव्हतं, एवढंच."